ब्रेक गाडीने मारला, मग भरपाई कोण देणार? सोलापुरात अपघात दावा असा दाखल करा

उसाचा हंगाम सुरू झाला की मोहोळ, पंढरपूरच्या रस्त्यांवर रात्रीच्या वेळी ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. मागचा दिवा लोंबणाऱ्या उसाआड, रिफ्लेक्टर चिखलाने भरलेला. अशी ट्रॉली उशिरा दिसली म्हणून एडास (चालकाला मदत करणारी, गरज पडल्यास आपोआप ब्रेक मारणारी यंत्रणा) असलेल्या गाडीने आपणहून करकचून ब्रेक मारला आणि मागचा दुचाकीवाला धडकला, तर त्या गाडीचा मालक म्हणतो, "ब्रेक मी मारलाच नाही, गाडीने मारला."

हे ऐकून जखमीच्या घरच्यांनी गप्प बसू नये. आपल्याकडच्या एडास गाड्या फार तर लेव्हल २ च्या, म्हणजे पूर्णपणे स्वतः न चालणाऱ्या आहेत. त्या मदत करतात, पण रस्त्यावर लक्ष ठेवायची जबाबदारी चालकाचीच. ब्रिटनने २०१८ मध्ये कायदा केला, की गाडी स्वतः चालत असताना अपघात झाला तर आधी विमा कंपनीने पैसे द्यायचे आणि मग उत्पादकाकडून वसूल करायचे. आपल्याकडे तसा कायदा नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च लागू होतो आणि त्याच्या कलम १४६ नुसार प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा (गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देणारा) सक्तीचा आहे. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा कंपनीचे नाव कळते.

दावा स्वतः जखमी व्यक्ती, मृताचे वारस किंवा त्यांनी नेमलेला प्रतिनिधी करू शकतो. त्यासाठी दोन वाटा आहेत. कलम १६४ मध्ये चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही. मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. "माणूस की मशीन" हा वाद इथे आडवा येत नाही. कलम १६६ मध्ये चूक दाखवावी लागते, पण रक्कम वय, उत्पन्न आणि अवलंबून असलेली माणसे पाहून ठरते. इथे नीट लक्ष द्या: १६४ ची रक्कम स्वीकारली की १६६ चा दावा संपतो. घरातला कमावता तरुण गेला असेल, तर ५ लाखांच्या कागदावर घाईने सही करू नका. आधी वकिलाला दाखवा. महिलांना, मुलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

अर्ज जिल्हा न्यायालयातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करायचा. अपघात पुण्यात झाला तरी तुम्ही सोलापुरात राहत असाल, तर इथेच दावा चालतो. कायद्यातली मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो गेला का, हे पोलीस ठाण्यात जाऊन विचारत राहा.

सोबत एफआयआर आणि घटनास्थळ पंचनाम्याची प्रत, गाडीचे आरसी, विमा पॉलिसी, चालकाचा परवाना, डिस्चार्ज कार्ड, औषधांची मूळ बिले, वयाचा व उत्पन्नाचा पुरावा, आधार, बँक पासबुक जोडा. कायमचे अपंगत्व आले असेल तर तसा दाखला, मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवाल आणि वारसांची कागदपत्रे लागतात.

एडास गाडी असेल तर आणखी एक काम तातडीने करा. गाडीत एडास होते, ते चालू होते का बंद, हे पंचनाम्यात लिहून घ्यायला सांगा. डॅशकॅमचे फुटेज आणि गाडीतला डेटा पुसू नये म्हणून न्यायाधिकरणात लेखी अर्ज द्या. गाडी एकदा दुरुस्त झाली की हा पुरावा मिळणे अवघड.

गाडीच्या मालकांनीही विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत गाडी खोलू देऊ नये. यंत्रणेतच दोष असल्याचे निघाले, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार उत्पादकाविरुद्ध ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५० लाखांपर्यंतच्या गाडीसाठी जिल्हा आयोग पुरतो. पण पुढची काच कधी बदलली असेल, तर आरशामागच्या एडास कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन (कॅमेरा पुन्हा अचूक जुळवणे) केल्याची पावती शोधून ठेवा. ते केलेच नव्हते असे निघाले, तर उत्पादक कंपनी पहिले बोट तिथेच ठेवील.