थंड, वादळी उन्हाळा आणि पिकं

उत्तर गोलार्धातल्या समशीतोष्ण देशांत जून ते ऑगस्ट हाच पिकांचा मुख्य हंगाम असतो, मका, सोयाबीन, सूर्यफूल, कॅनोला (मोहरीच्या कुळातलं तेलबियांचं पीक) सगळं तेव्हा रानात उभं असतं. अशा वेळी ऊन कमी आणि वादळी पाऊस जास्त झाला की लोकांना वाटतं पीक गेलंच, पण तसं सरसकट नसतं, पीक कुठल्या अवस्थेत सापडलं त्यावर सगळं ठरतं.

मका कॅलेंडरवर नाही, उष्णतेवर वाढतो. दिवसाच्या कमाल आणि किमान तापमानाची सरासरी काढायची, त्यातून १० वजा करायचे, उरतात ती त्या दिवसाची उष्णता एककं. कमाल ३० आणि किमान १८ असेल तर १४ मिळतात, कमाल २४ आणि किमान १२ असेल तर फक्त ८, म्हणजे थंड दिवस मक्याच्या हिशोबात अर्ध्याहून थोडाच जास्त भरतो. असे पंधरा-वीस दिवस साठले की तुरा उशिरा येतो आणि दाणे पक्के व्हायच्या आधी दहिवर, म्हणजे दव गोठवणारा गारठा (फ्रॉस्ट), येऊन ठेपतं, मग दाणा हलका राहतो. सोयाबीनचं थोडं वेगळं, ते दिवसाची लांबीही बघतं त्यामुळे तेवढं मागे पडत नाही, फक्त रात्री फार गार झाल्या तर शेंगा कमी धरतात.

गव्हाला मात्र गारवा मानवतो. दाणे भरायला साधारण १५ ते २० अंश मिळाले तर भरण्याचा काळ लांबतो आणि दाणा टपोरा होतो. कॅनोलातही थंडीत तेलाचं प्रमाण वाढतं आणि साध्या सूर्यफुलाच्या तेलात लिनोलेइक आम्ल वाढून ओलेइक कमी होतं.

भाताचं दुखणं सगळ्यात वाईट. पोटरीत, म्हणजे लोंबी अजून पानाच्या आवरणात असताना, गारठा लागला की परागकण नीट तयार होत नाहीत, लोंब्या बाहेर येतात पण दाणे पोकळ. १९९३ साली जपानच्या ईशान्य भागात यामासे नावाचे थंड वारे वाहत राहिले, अख्ख्या देशाचा भाताचा पीक निर्देशांक (सरासरी १०० धरून) ७४ वर आला आणि तांदूळ बाहेरून मागवावा लागला. त्याच्याही आधी, १८१५ च्या तांबोरा ज्वालामुखीनंतर, १८१६ चा उन्हाळा युरोप आणि ईशान्य अमेरिकेत इतका गार गेला की पिकं बुडून धान्य महागलं.

आता वादळ. कोवळा मका पाच-सहा पानांचा असेपर्यंत त्याचा वाढीचा कोंब जमिनीखाली असतो म्हणून गारांनी पानं फाडली तरी तो परत फुटतो, पण तोच मार तुरा येताना बसून सगळी पानं गेली तर हाती जवळपास काहीच लागत नाही. वाऱ्याने आडवा पडलेला कोवळा मका काही दिवसांत मान वाकडी करून उभा राहतो, मोडलेलं ताट मात्र मोडलेलंच. १० ऑगस्ट २०२० ला अमेरिकेतल्या आयोवात डेरेचो म्हणजे सरळ रेषेत धावणारं वादळ आलं तेव्हा दाणे भरत असलेला मका मैलोन्‌मैल झोपला.

पावसाचं नुकसान पटकन दिसत नाही. साचलेल्या पाण्यात नायट्रेट, म्हणजे मातीतलं नत्र, वायू होऊन उडून जातं नाहीतर खाली झिरपतं, पानं पिवळी पडतात. फुलोऱ्यात गार ओल टिकली की सोयाबीन, कॅनोला, सूर्यफूल तिघांवरही स्क्लेरोटिनियाची पांढरी बुरशी येते. राय (गव्हासारखंच एक धान्य) आणि गव्हात फुलं जास्त वेळ उघडी राहिल्याने अरगट नावाचा बुरशीजन्य रोग घुसतो, आणि काढणीला आलेला गहू भिजत राहिला तर ओंबीतच कोंब फुटतात, मग पिठाचा पाव चिकट होतो.

कॅनोलाचं हिरवं बी दहिवरात सापडलं की हरितद्रव्य आतच अडकतं, तेल हिरवट निघतं आणि ते साफ करायला खर्च येतो. कॅनडात पहिल्या प्रतीच्या मालात असं बी २ टक्क्यांपर्यंतच चालतं. मका पक्व झाला तरी दाण्यात ३० टक्क्यांच्या वर ओलावा असतो, साठवायला साधारण १५ च्या आत लागतो, आणि उशीर झालेल्या हंगामात तो रानात सुकतच नाही, म्हणून मग ड्रायर लावून गॅस जाळत बसावं लागतं.