अजब बंगला ते मानधन : नागपुरात कलेवरचा सरकारी पैसा

कलावंतांना कोणी पोसायचं, हा प्रश्न नागपुरात 1853 च्या डिसेंबरात उभा राहिला. तिसरे रघुजी भोसले वारले, औरस वारस नव्हता, आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. दरबाराच्या आश्रयावर जगणाऱ्यांच्या डोक्यावरचं छत्र गेलं. दहाच वर्षांनी, 1863 मध्ये, इंग्रज सरकारने इथे संग्रहालय उघडलं. तोच आपला अजब बंगला. जुन्या मूर्तींना सरकारी छप्पर मिळालं, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना नाही. सरकारचा हात आधी भिंतींकडे जातो, ही सवय तेव्हापासूनची.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीत संगीत नाटक अकादमी (1953), मग साहित्य आणि ललित कला अकादमी (1954) आल्या. 1954 मध्येच मुंबई राज्याने नाट्य स्पर्धा सुरू केली. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. 1956 मध्ये ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आलं. माझ्या मते, सरकारने नाटकावर खर्च केलेला सर्वांत सार्थकी लागलेला पैसा या राज्य नाट्य स्पर्धेचाच. दिवसभर बँकेत, शाळेत नोकरी करणारी मंडळी रात्री तालमी करतात. प्रयोगाच्या दिवशी दुपारीच टेम्पोतून नेपथ्याचे फ्लॅट उतरतात, कोणी खिळे ठोकतं, कोणी कोपऱ्यात संवाद घोकत बसतं. थिएटरचं भाडं खिशातून जाणार नाही, एवढ्या भरवशावर हौशी संस्था नवी कोरी संहिता उभी करायला धजावते.

1986 मध्ये केंद्राचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र नागपुरात आलं. 2017 मध्ये महापालिकेचं सुरेश भट सभागृह रेशीमबागेत उघडलं, सुमारे दोन हजार आसनांचं. शहराला त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. पण शंभर-दीडशे प्रेक्षकांच्या जिवावर नाटक करणाऱ्या संस्थेने एवढ्या मोठ्या सभागृहात जायचं कसं?

सरकारी पैसा नकोच म्हणणारे झाडीपट्टीकडे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्याकडे, बोट दाखवतात. ते उदाहरण खरंच भक्कम आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि धान निघालेल्या बांधीत मंडप पडतो. गावचं मंडळ गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक कंपनीला सुपारी देतं, तिकिटं विकतं, आणि नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. घराघरांत पाहुणे उतरलेले असतात, ब्लँकेटं गुंडाळून सगळे मंडपात. ही रंगभूमी तिकिटावर जगते. 2023 मध्ये तिथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली.

पण तिकीट मिळतं ते हंगामात, आणि अंगात बळ असेतो. राज्याची वृद्ध कलावंत मानधन योजना 1954-55 पासूनची. 2024 मध्ये तिचं नाव बदललं आणि मानधन सरसकट महिना 5,000 रुपये झालं. आवाज बसलेला गायक, गुडघे गेलेली नर्तकी पावसाळ्यात याच रकमेची वाट पाहतात.