कोको बटर, मुठेल आणि टाचांच्या भेगा

कोको बटरचा, म्हणजे कोकोच्या बियांतल्या चरबीचा, हरभऱ्याएवढा तुकडा मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवून बघा. डब्यात तो खडूसारखा कडक असतो. नख लावलं तर टवका उडतो, बोट काही रुतत नाही. मनगटावर मात्र मिनिटभरात त्याच्या कडा ओलसर दिसायला लागतात, आणि अंगठ्याने दोनदा चोळलं की तुकडा संपतो. उरते ती चकाकणारी कातडी आणि चॉकलेटचा मंद वास. आता हाच प्रयोग थिजलेल्या तुपावर करा. तूप मुळातच मऊ, बोट लागताच पसरणारं. घट्ट, जरा सैल, लोण्यासारखं, पातळ अशा बऱ्याच पायऱ्या उतरत ते वितळतं. कोको बटरला या मधल्या पायऱ्या जवळपास नाहीतच. आत्ता दगड आणि थोड्या वेळाने तेल.

क्रीमच्या बाटल्यांवर कोको बटरचे जे गुण छापलेले असतात, त्यांत हा गुण कुठे दिसत नाही. माझ्या मते त्याची खरी कमाई हीच आहे.

कोको बटर साधारण ३४ ते ३६ अंश सेल्सिअसला वितळतं. आपल्या कातडीचं तापमान त्याच्या जरासं खाली असतं, त्यामुळे उरलेलं काम चोळण्याच्या उबेने होतं. चरबीचा कुठलाही रेणू घेतला तरी त्याची रचना एकच: ग्लिसरॉलचा एक छोटा कणा आणि त्याला लागलेले मेदाम्लांचे तीन हात. कोको बटरमध्ये स्टिअरिक आणि ओलिइक ही मेदाम्लं प्रत्येकी सुमारे एक तृतीयांश आणि पामिटिक साधारण पाव हिस्सा. पण गंमत प्रमाणात नाही, मांडणीत आहे. यातल्या बहुतेक रेणूंमध्ये मधला हात ओलिइकचा आणि दोन्ही बाजूंचे हात स्टिअरिक किंवा पामिटिकचे. ओलिइकचा हात वाकडा, बाकीचे सरळ. वाकडेपणा सगळ्यांचा एकाच जागी असल्यामुळे हे रेणू एका मापाच्या वाट्या एकात एक बसाव्यात तसे घट्ट रचले जातात आणि सुटतानाही बहुतेक एकदमच सुटतात. तुपात शेकडो प्रकारची मेदाम्लं असतात. तिथे सगळी भांडी वेगवेगळ्या मापांची, म्हणून काही आधी निसटतात, काही मागाहून.

रवाळ तूप ज्यांना आवडतं त्यांना पुढची गोष्ट लगेच कळेल. कढवलेलं तूप सावकाश निवलं तर दाणेदार होतं, फ्रिजमध्ये घाईने थिजवलं तर गुळगुळीत. जिन्नस तोच, फक्त स्फटिक वेगळे. कोको बटरच्या स्फटिकांचे तर सहा प्रकार आहेत. १९६६ साली त्यांना एक ते सहा असे क्रमांक दिले गेले आणि प्रत्येकाचा वितळण्याचा बिंदू वेगळा निघाला. चॉकलेटवाल्यांना पाचवा हवा असतो, कारण चकाकी आणि ‘कट्‌’ असा तुटण्याचा आवाज त्याच्यामुळे येतो. उन्हात वितळून पुन्हा थिजलेल्या चॉकलेटवर पांढुरका थर येतो, तो बुरशीचा नसतो. बऱ्याचदा स्फटिकांनी जागा बदललेली असते. घरी कोको बटरचा बाम करणाऱ्यांची तक्रार हीच असते, पहिले चार दिवस मऊसूत आणि मग बोटाला रवा लागतो. बाम बिघडलेला नसतो. पूर्ण वितळवून पटकन थंड केला तर रवा कमी होतो. तूप करणाऱ्या कुठल्याही बाईला हे सांगायची गरज नाही.

कोकोच्या बीत निम्म्याच्या आसपास चरबी असते. बिया आंबवून, वाळवून, भाजून वाटल्या की त्याचा दाट लगदा होतो. त्यातली चरबी दाबून वेगळी काढायच्या यंत्राचं पेटंट १८२८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या व्हॅन हाउटेन यांना मिळालं. त्यांना हवी होती कोकोची कोरडी पूड, दुधापाण्यात नीट मिसळणारी. चरबी ही त्या वेळी मागे राहिलेली वस्तू. पुढे तिनेच चॉकलेटची वडी शक्य केली, आणि औषधं बनवणाऱ्यांनी तिच्यापासून गुदद्वारातून द्यायच्या औषधी वड्या केल्या. शेल्फवर घट्ट, शरीरात गेल्यावर पातळ. तोंडात विरघळणारं चॉकलेट आणि ही वडी दोन्ही एकाच तत्त्वावर चालतात, हे चॉकलेटच्या जाहिरातीत कुणी सांगत नाही ते बरंच.

आता कातडीकडे येऊ. तिचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. अंगावर बहुतेक ठिकाणी तो वर्तमानपत्राच्या कागदाहूनही पातळ असतो. पेशी या विटा आणि त्यांच्यामधला स्निग्ध गिलावा सिरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्लांचा. शरीरातलं पाणी या भिंतीतून सतत थोडं थोडं उडत असतं. कढत पाण्याची अंघोळ, साबण आणि डिसेंबरातली कोरडी हवा एकत्र आली की गिलावा झिजतो, पाणी जास्त उडतं आणि विटांच्या कडा वर वळतात. नडगीवर नखाने ओढलेली पांढरी रेघ उठते ती त्यामुळेच.

कोको बटरमध्ये पाणी नसतं. त्यामुळे ते कातडीला ओलावा ‘देतं’ हे म्हणणं चुकीचं आहे, जे नाहीच ते देणार कुठून? ते झाकण घालतं. वर वळलेल्या कडा खाली बसवतं, फटी भरतं, म्हणून हात फिरवताच मऊ लागतं. आणि वर जो पातळ थर राहतो तो आतल्या पाण्याचं उडणं कमी करतो. झाकण म्हणून साधी पेट्रोलियम जेली त्याच्यापेक्षा सरस आहे, हे कोको बटरच्या चाहत्यांना आवडणार नाही, पण खरं आहे. फक्त जेली चिकट राहते, कपड्यांना लागते, म्हणून लोक ती कमी वापरतात. कोको बटर वितळून पसरतं आणि वर पुन्हा किंचित घट्ट होऊन बसतं. रोज लावावंसं वाटणं हाही गुणच म्हणायचा.

झाकण घालायचं तर आत काही असलं पाहिजे. म्हणून अंग टिपल्यावर, ते जरा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत लावायचं. संध्याकाळी कोरड्या ठणठणीत पायांवर थापून ‘काही फरक पडत नाही’ म्हणणाऱ्यांत मीही बरीच वर्षं होतो. दिवाळीच्या अभ्यंगात तेल आधी आणि उटणं-साबण नंतर, त्यामुळे तेलाचा मोठा भाग मोरीत जातो. परंपरा म्हणून ते सुखाचं आहेच, पण थंडीतल्या कातडीसाठी क्रम उलटा हवा.

इथवर कोको बटरचं कौतुक ठीक आहे. यापुढे जे सांगितलं जातं ते तपासून घ्यावं लागतं.

सगळ्यात मोठा दावा गरोदरपणातल्या पोटावरच्या चरांचा (स्ट्रेच मार्क्सचा), ते कोको बटरने टळतात असा. लेबनॉनमध्ये १७५ पहिलटकरणींवर याची रीतसर चाचणी झाली आणि ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्या जणींना कोको बटरचं लोशन, अर्ध्यांना तसंच दिसणारं पण कोको बटर नसलेलं. कुणाला काय दिलंय हे लावणाऱ्यांनाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यांनाही नाही. कोको बटर लावणाऱ्यांपैकी सुमारे ४५ टक्के जणींना चर आले, दुसऱ्या गटात सुमारे ४९ टक्के. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. जमैकात, जिथे कोको बटर लावणं घरोघरीची रीत आहे, ३०० जणींवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१० मध्ये आला आणि तिथेही खात्रीने सांगता येईल असा फायदा दिसला नाही.

कारण समजायला अवघड नाही. चर वरच्या थरात पडत नाहीत, खालच्या थरातले कोलॅजेन आणि इलॅस्टिनचे धागे ताणून विस्कटतात तेव्हा पडतात. कातडीतून आत शिरायला रेणू छोटा लागतो. औषधशास्त्रात यासाठी ५०० डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) ढोबळ आडाखा वापरतात, आणि कोको बटरचे रेणू साडेआठशेच्या घरातले. ते दारातच थांबतात. ताणलेल्या पोटाची खाज आणि कोरडेपणा मात्र त्याने शमतो, आणि कुणीतरी मायेने पोटाला हात फिरवतं हेही आलंच. त्यासाठी लावायला काही हरकत नाही. चर आले तर आपण लावण्यात कुठे कमी पडलो असं मात्र कुणी मनाला लावून घेऊ नये.

दुसरा दावा अँटिऑक्सिडंटचा, म्हणजे ऑक्सिजनमुळे होणारी खराबी रोखणाऱ्या घटकांचा. कोकोच्या बीत पॉलिफेनॉल नावाचे असे घटक भरपूर असतात हे खरं. पण बी दाबली की ते बहुतांशी पुडीबरोबर राहतात, कारण त्यांना चरबीत विरघळायला आवडत नाही. कोको बटरमध्ये येतं ते थोडंसं ई जीवनसत्त्व, आणि ते मुख्यतः त्या चरबीलाच खवट होण्यापासून वाचवतं. डबा दोन वर्षं टिकतो त्यात या जीवनसत्त्वाचा वाटा आहे. पुडीची कीर्ती बटरच्या बाटलीवर चिकटवायची ही चलाखी झाली.

चेहऱ्यावर लावावं का? मुरुमं येणाऱ्यांनी नको. रोमछिद्रं बुजवणाऱ्या पदार्थांच्या जुन्या याद्यांत कोको बटरचं नाव बरंच वर असतं. त्या चाचण्या सशाच्या कानावर केलेल्या, तेव्हा माणसाला जशाच्या तशा लागू होतील असं नाही; पण तेलकट चेहऱ्यावर धोका कशाला घ्या? मुंबईच्या मे महिन्यात घामोळ्यांवर तर मुळीच नको.

कोपर, गुडघे, नडग्या आणि टाचा या त्याच्या खऱ्या जागा. टाचांचं नाव काढलं की कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकाला कोको बटरच्या आधी दुसरंच काही आठवतं: मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल. काही जण त्याला भिरंडेल म्हणतात. नाव तेलाचं, पण हातात येतो तो पांढुरका, टणक गोळा. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालीची आमसुलं होतात, बिया उरतात. त्या उन्हात खडखडीत वाळवायच्या, फोडून टरफलं पाखडायची, आतला गर कुटायचा आणि पाण्यात रटारटा उकळायचा. चरबी वर तरंगते, निवली की तिचा साका जमतो, तो काढून मुठीत दाबून गोळे करायचे. मूठ म्हणून मुठेल. मूठ उघडली की गोळ्यावर बोटांचे चार ठसे उमटलेले दिसतात.

रसायनाच्या नजरेने पाहिलं तर हा गोळा कोको बटरचा सख्खा चुलत भाऊ आहे. मांडणी तीच, मध्ये ओलिइकचा वाकडा हात आणि बाजूंना सरळ हात. फक्त इथे पामिटिक अगदी थोडं आणि स्टिअरिक निम्म्याहून जास्त. त्यामुळे तो वितळतो साधारण ४० अंशांच्या आसपास, कोको बटरच्या पाच-सहा अंश वर. हे साम्य युरोपाच्याही लक्षात आलेलं आहे. चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज कोणत्या वनस्पतीजन्य चरबी पाच टक्क्यांपर्यंत चालतील, याची सहा नावांची यादी युरोपीय संघाने २००० साली नियमातच घातली. त्यात आंब्याची कोय आहे, साल वृक्षाचं बी आहे आणि आपलं कोकमही आहे. रातांब्याच्या टाकाऊ बिया आणि युरोपातलं चॉकलेट यांचं असं नातं निघावं!

तळपायाला तेलाच्या ग्रंथी नसतात आणि तिथला थर अंगावरच्या थरापेक्षा कितीतरी जाड. कोरडा पडला की तो लवत नाही. वरून शरीराचं वजन आलं की तडकतो. म्हणून टाचांना पातळ लोशन पुरत नाही. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवायचे, वजरीने हलकेच घासायचं, पुसून लगेच मुठेल किंवा कोको बटर भेगांत भरायचं आणि सुती मोजे चढवायचे. मुठेल दिव्यावर धरून त्याचा थेंब भेगेत सोडायची जुनी पद्धत आहे, पण तो थेंब भाजतो. तळहातावर चोळून पातळ केलेलं पुरतं. रक्त येत असेल, किंवा मधुमेह असेल, तर घरगुती प्रयोग न करता डॉक्टरांना पाय दाखवायचा.

विकत घेताना बाटलीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. घटकांची यादी जास्त प्रमाणाकडून कमीकडे जाते आणि कोको बटरचं नाव तिथे ‘थिओब्रोमा कॅकाओ सीड बटर’ असं असतं. माझ्याकडच्या एका लोशनवर पुढे कोकोच्या शेंगेचं मोठं चित्र होतं आणि मागे हे नाव सातवं. पहिलं नाव पाण्याचं. लोशन वाईट नव्हतं, पण मऊपणा बराचसा ग्लिसरीन आणि खनिज तेलाचा होता. २०२४ मध्ये कोकोच्या बियांचा भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला होता. अशा काळात चित्र आणि यादी यांच्यातलं अंतर आणखी वाढलं तर नवल नाही.

गेल्या उन्हाळ्यात दोन्ही डब्या पुण्यातल्या घरी एकाच फडताळात राहिल्या. मेच्या मध्यावर उघडून पाहिलं, तर कोको बटरचं तेल होऊन झाकणाच्या आट्यांतून खाली कागदावर आलं होतं. शेजारच्या डबीत मुठेलाचा गोळा तसाच होता, बोटांच्या चार ठशांसकट.