सर्दी, ताप व ॲलर्जीची नेहमीची औषधे : खानदेशातील वापर

सर्दी-पडसे, ताप, अंगदुखी, शिंका, अंगाला सुटणारी खाज अशा तक्रारींवर लोक डॉक्टरकडे न जाता जी औषधे घेतात, त्यांचा हा गट. त्यात ताप उतरवणारी औषधे (पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन), ॲलर्जीवरची (सेटिरिझिन, क्लोरफेनिरामिन), चोंदलेले नाक मोकळे करणारी (फिनाइलएफ्रिन, झायलोमेटाझोलिन) आणि या सगळ्यांची मिश्रणे येतात. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत ती औषधांच्या दुकानात मिळतातच, शिवाय लहान गावांत किराणा दुकानातल्या बरणीशेजारीही दिसतात. एक हजारापर्यंत लोकवस्तीच्या गावात काही घरगुती औषधे परवान्याविना विकण्याची मुभा औषधविषयक नियमांतच आहे. ही औषधे योग्य मात्रेत बहुतांशी निर्धोक असतात. खानदेशात घोटाळा होतो तो दोन ठिकाणी. एक, ताप कशाचा हे न पाहता गोळी घेतली जाते. दुसरे, एकच औषध दोन-तीन नावांनी पोटात जाते.

ताप कशाचा?

‘माले ताप उना शे’ (मला ताप आला आहे) एवढ्या वाक्यावर दुकानदार गोळी काढून देतो. भुसावळ-जळगाव पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. अशा दिवसांत शेतातून वा भट्टीवरून आलेल्या माणसाचे अंग तापलेले असेल, तर तो आजाराचा ताप असेलच असे नाही. आजारात मेंदूतील तापमान-नियंत्रक केंद्र स्वतःच शरीराचे तापमान वर नेते आणि पॅरासिटामॉल त्या केंद्रावर काम करून ते खाली आणते. उष्माघातात हे केंद्र चढलेले नसते. शरीराला आतली उष्णता बाहेर टाकता येत नाही, म्हणून ते तापते. तिथे पॅरासिटामॉलचा काही उपयोग होत नाही, उलट आधीच ताणाखाली असलेल्या यकृतावर भार पडतो. अंग १०४ अंश फॅरनहाइटच्या वर, बरळणे, झटके किंवा शुद्ध हरपणे असे दिसले, तर माणसाला सावलीत आणावे, कपडे सैल करावेत, अंगावर थंड पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी, कांद्याचा रस किंवा गोळी काहीही घालू नये.

पावसाळा लागला की प्रश्न बदलतो. सातपुड्याच्या पायथ्याला आणि अक्कलकुवा-धडगाव भागात थंडी वाजून ताप आला, तर हिवतापासाठी रक्त तपासणे हे पहिले काम. आशा कार्यकर्तीकडे बोटातून थेंबभर रक्त घेऊन करायच्या झटपट चाचणीचा संच असतो. गोळीने ताप उतरतो, घाम फुटतो, माणूस उठून कामाला लागतो आणि दोन दिवसांनी पुन्हा थंडी वाजते. तपासणीविना वाया गेलेले हे दोन दिवस फॅल्सिपारम या जीवघेण्या प्रकारच्या हिवतापात महागात पडू शकतात. डेंग्यूचा संशय असेल, तर ताप-अंगदुखीसाठी फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, निमेसुलाइड या गोळ्या रक्तस्रावाचा धोका वाढवतात. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे दोन दिवसच खरे जपायचे असतात. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणे यांपैकी काहीही दिसले तर ‘ताप तर गेला ना’ म्हणून घरी थांबू नये.

नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी समाजात सिकलसेलचे (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचे) रुग्ण बरेच आहेत. सिकलसेल असलेल्या मुलाला १०१ अंशांवर ताप आला, तर तो घरी गोळी देऊन पाहण्याचा विषय नाही, कारण या मुलांची प्लीहा नीट काम करत नसल्याने साधा जंतूही वेगाने पसरतो. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ अंश वा त्याहून अधिक ताप असेल, तर त्यालाही औषध पाजत न बसता दवाखान्यात न्यावे.

पॅरासिटामॉल

क्रोसिन, डोलो, कॅल्पॉल, मेटासिन ही सगळी पॅरासिटामॉलचीच नावे. प्रौढाला एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तास आणि दिवसभरात जास्तीत जास्त ४ ग्रॅम अशी सर्वसाधारण मर्यादा आहे. रोज दारू पिणारे, यकृताचा आजार असणारे, फार कृश माणसे यांच्यासाठी ती आणखी कमी, साधारण २ ग्रॅम धरतात. आठ तास उपाशी राहून गोळी घेतली म्हणजे लगेच विष होत नाही, पण अनेक दिवसांचे उपाशीपण आणि दारू यांची जोड वाईट.

खरी अडचण मिश्रणांची आहे. सकाळी ‘सर्दीची’ म्हणून सिनारेस्ट, दुपारी ‘अंगदुखीची’ म्हणून कॉम्बिफ्लाम, रात्री ‘तापाची’ म्हणून डोलो. घेणाऱ्याच्या हिशेबी ही तीन दुखण्यांवरची तीन औषधे असतात. प्रत्यक्षात तिन्हींत पॅरासिटामॉल आहे. पाकिटावरचे मोठे नाव कंपनीचे असते, औषधाचे नाव त्याखाली बारीक अक्षरांत असते. चष्मा लावून का होईना, तेच वाचायचे. गावाकडे सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून मिळतात, तिथे वाचायलाही काही उरत नाही. अशा पुडीतल्या गोळीचे नाव दुकानदाराकडून पुडीवरच लिहून घ्यावे, यात संकोच कसला?

जास्त मात्रा गेल्यास पहिल्या दिवशी मळमळ सोडली तर फारसे काही जाणवत नाही. यकृत बिघडल्याची लक्षणे दोन-तीन दिवसांनी दिसतात. यावर एन-असिटिलसिस्टीन हा उतारा आहे आणि तो पहिल्या आठ तासांत दिला तर उत्तम काम करतो. म्हणून ‘काही होत नाही, ठीक वाटतंय’ यावर विसंबू नये. नवी दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक अशा वेळी विनाशुल्क मिळतो.

मुलांची मात्रा वयावर न ठरवता वजनावर ठरते. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. दहा किलोच्या मुलाला म्हणजे १०० ते १५० मिलिग्रॅम. इथे बाटलीचा फसवा खेळ सुरू होतो. बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचे पातळ औषध मिळते, २५० मिलिग्रॅमचेही मिळते आणि अगदी लहान बाळांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असते. पहिले ५ मिलिलिटर या मुलाला पुरते, दुसरे दोन-तीन मिलिलिटर बस होते आणि थेंबांच्या औषधाचे ५ मिलिलिटर पाजले, तर ५०० मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाची गोळीच पोटात जाते. घरातला चमचा तर कुठलाच एकसारखा नसतो. बाटलीसोबत आलेले टोपण किंवा दुकानातून सुई नसलेली सिरिंज वापरावी.

ताप उतरवायचा तो मुलाला बरे वाटावे म्हणून. १०० अंश असूनही मूल खेळत असेल, अंगावर पीत असेल, तर औषध दिलेच पाहिजे असे नाही. कोमट पाण्याने अंग पुसावे. साध्या तापात बर्फाच्या पाण्याने हुडहुडी भरते, आणि गोधडीत गुंडाळून घाम काढण्याची आजीची पद्धत तर मेच्या उकाड्यात धोक्याचीच.

इतर तापनाशके

आयबुप्रोफेन रिकाम्या पोटी घेऊ नये. उन्हात दिवसभर राबून, घाम गाळून, लघवी पिवळी-कमी होत असताना आयबुप्रोफेन वा डायक्लोफिनॅक घेतल्यास मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. खानदेशच्या उन्हाळ्यात हा इशारा पुस्तकी नाही. आधी पाणी, ताक, जलसंजीवनी, मग हवीच तर गोळी. गरोदरपणाच्या वीस आठवड्यांनंतर ही औषधे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नयेत. सोळा वर्षांखालील मुलांना तापात ॲस्पिरिन देत नाहीत, कारण त्यामुळे रे सिंड्रोम हा मेंदू व यकृताचा दुर्मिळ पण गंभीर आजार होऊ शकतो. निमेसुलाइडवर भारतात बारा वर्षांखालील मुलांसाठी २०११ मध्ये बंदी आली. ते पातळ औषध अजूनही जुन्या डब्यात सापडले, तर फेकून द्यावे.

ॲलर्जीवरची औषधे

‘पित्ताची गोळी द्या’ या मागणीचे मराठीत दोन अर्थ होतात. आंबट ढेकरा येणारे पोटातले पित्त वेगळे आणि अंगावर उठणाऱ्या लालसर गांधींचे पित्त वेगळे. पहिल्यावर आम्ल कमी करणारी गोळी चालते, दुसऱ्यावर सेटिरिझिन किंवा एव्हिल. दोन्हींचे एकमेकांशी काही नाते नाही. मागताना ‘अंगावर पित्त उठलंय’ असे पूर्ण सांगावे.

या गटातली जुनी औषधे (क्लोरफेनिरामिन, एव्हिलमधले फेनिरामिन) बरीच झोप आणतात. सेटिरिझिन-लेव्होसेटिरिझिन कमी, तरी काहींना आणतात. फेक्सोफेनाडीन व लोराटाडीन सर्वांत कमी. ट्रॅक्टर, मोटारसायकल, कडबाकुट्टी, जिनिंगचे यंत्र यांच्यावर काम असेल त्या दिवशी जुनी गोळी टाळावी. दारूसोबत तर कोणतीच नको. प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्यांची जुन्या गोळीने लघवी अडू शकते, काचबिंदूही वाढू शकतो. मूत्रपिंड कमजोर असल्यास सेटिरिझिनची मात्रा घटवावी लागते. महिनोन्महिने रोज घेतलेले सेटिरिझिन अचानक सोडल्यावर काहींना तीव्र खाज सुटते, असा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये दिला.

शिंकांचे कारणही पाहावे. गाजरगवताच्या फुलांनी सर्दी आणि त्वचेची खाज दोन्ही होतात. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर काम करणाऱ्यांना येणारा ठसका मात्र ॲलर्जीचा नसतो. मिरचीतले कॅप्सायसिन मज्जातंतूंना थेट डिवचते, म्हणून तिथे गोळीपेक्षा नाका-तोंडाला बांधलेला ओला रुमाल अधिक कामाचा. कापसाच्या धुळीने सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळली, तर तोही निराळा, फुप्फुसाचा आजार असू शकतो.

सर्वांत जपण्याची गोष्ट फवारणीची. कापसावर कीटकनाशक फवारून आलेल्या माणसाचे नाक-डोळे वाहू लागले, लाळ सुटली, उलटी झाली, बाहुल्या बारीक झाल्या, तर ती सर्दीही नाही आणि ॲलर्जीही नाही. ती विषबाधा असते. गोळी देऊन झोपवू नये. कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि कीटकनाशकाचा डबा सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, श्वास घरघरणे, चक्कर ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे. तिथे सेटिरिझिन फार उशिरा आणि फार थोडे काम करते. मांडीत ॲड्रिनलिनचे इंजेक्शन हाच उपाय.

सर्दी-खोकल्याची मिश्रणे

साधी सर्दी विषाणूंमुळे होते व आठवडा-दहा दिवसांत आपली आपण जाते. क्लोरफेनिरामिन व फिनाइलएफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यानंतर केंद्राने दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावीत, असे कळवले. बाळाच्या नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात. एक वर्षावरच्या मुलाला झोपताना मध द्यावा, त्याआधी मध नको.

तोंडाने घेतलेले फिनाइलएफ्रिन नाक मोकळे करत नाही, असा निष्कर्ष अमेरिकी तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये काढला. तरीही ते बहुतेक गोळ्यांत आहे, आणि रक्तदाब असलेल्यांना ते टाळायला सांगतात. झायलोमेटाझोलिनचे थेंब लगेच गुण देतात. पण ते तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त घातले, तर नाक त्यांच्याशिवाय उघडेनासे होते. थेंबांची बाटली वर्षभर खिशात बाळगणारे लोक गावोगाव भेटतात.

‘सुई टोची द्या’ हा हट्ट आणि पुडीतली ‘पावरची’ गोळी यांचाही इथे उल्लेख हवा. एका दिवसात उठवून बसवणाऱ्या गोळीत बऱ्याचदा डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन हे स्टेरॉइड असते. ते ताप दाबते, जंतूला मोकळे रान देते आणि मधुमेह्याची साखर भडकवते. प्रतिजैविकांचा सर्दीवर काहीच परिणाम होत नाही. लाल रेघ असलेले पाकीट चिठ्ठीशिवाय मागू नये.

घरचे उपाय आणि साठवण

हळद-दूध, सुंठ, गवती चहा, ओव्याची पुरचुंडी यांनी आराम वाटतो, त्यात वावगे नाही. वाफारा देताना मुलांना उकळते पाणी सांडून भाजते, तेव्हा पातेले मुलाच्या मांडीजवळ नको. कापूर असलेला बाम दोन वर्षांखाली लावत नाहीत आणि नाकपुडीत कुणालाच घालत नाहीत. देवघरातला कापूर मुलाने गिळला, तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात.

पाकिटावर ‘३० अंशांखाली ठेवा’ असे छापलेले असते. पत्र्याच्या घरात मे महिन्यात ते जमणे अवघड. खिडकीतल्या, चुलीमागच्या किंवा मोटारसायकलच्या डिकीतल्या गोळ्या मुदतीआधीच खराब होऊ शकतात, कॅप्सूल एकमेकींना चिकटतात, पातळ औषधाचा रंग बदलतो. जुनी धाब्याची (मातीच्या सपाट छताची) घरे या कामी बरी, भिंतीतला खोल कोनाडा दुपारीही थंडसर राहतो. मात्र कोनाडा कोरडा असावा आणि मुलांच्या हाताच्या वर.