घशाच्या कर्करोगामागचा विषाणू : पार्श्वभूमी

मराठीत ‘घसा’ हा शब्द टॉन्सिलपासून स्वरयंत्रापर्यंत सगळ्याला पुरतो, आणि घशाचा कर्करोग म्हटले की तंबाखू, विडी आणि दारू हीच कारणे आठवतात. वैद्यकशास्त्रातही फार काळ हेच चित्र होते. टॉन्सिल आणि जिभेचे मूळ येथे होणाऱ्या कर्करोगांतले काही मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे, म्हणजे एचपीव्हीमुळे, होतात हे सर्वमान्य व्हायला जवळजवळ पाव शतक जावे लागले.

या विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या जर्मनीतील गटाने १९८३ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून वेगळा काढला; याच कामासाठी त्यांना २००८ चे नोबेल मिळाले. त्याच १९८३ साली फिनलंडच्या सिर्यानेन दांपत्याला व त्यांच्या सहकाऱ्यांना तोंडाच्या कर्करोगाच्या नमुन्यांत या विषाणूच्या संसर्गाच्या खुणा दिसल्या होत्या. मात्र रुग्ण बहुधा धूम्रपान करणारे असल्याने विषाणू तेथे केवळ योगायोगाने असावा, असे म्हणायला जागा राहिली. शिवाय गालफड, जीभ, टॉन्सिल आणि स्वरयंत्र यांचे नमुने एकत्र मोजले जात, त्यामुळे प्रत्येक अभ्यासाची टक्केवारी निराळी येई. माझ्या मते खरी अडचण ही सरमिसळच होती.

ती २००० साली बरीचशी सुटली. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या मॉरा गिलिसन आणि सहकाऱ्यांनी डोके व मानेच्या कर्करोगाचे २५३ रुग्ण तपासले, तेव्हा ६२ जणांच्या गाठीत विषाणू सापडला, त्यांतल्या सुमारे ९० टक्क्यांत तो १६ क्रमांकाचाच होता, आणि या गाठी मुख्यतः टॉन्सिल व जिभेच्या मुळाच्या परिसरातल्या होत्या. या शोधनिबंधाच्या लेखकांत कीर्ती शाह हे विषाणुतज्ज्ञ होते, ज्यांनी अमेरिकेत स्थिरावण्यापूर्वी पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात काम केले होते. पुढे २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने घशाच्या या भागासाठी एचपीव्ही-१६ चे कारणत्व मान्य केले.

विषाणूने नेमका हाच भाग का निवडावा, याचे उत्तर टॉन्सिलच्या रचनेत शोधले जाते. टॉन्सिलवरच्या खोल खाचांतील अस्तर विरळ, जाळीदार असते आणि तेथून विषाणूला तळाच्या पेशी सहज गाठता येतात. आत शिरल्यावर त्याची ई६ आणि ई७ ही प्रथिने पेशीची अनिर्बंध वाढ रोखणारी पी५३ आणि आरबी ही प्रथिने निकामी करतात. आरबीचा लगाम सुटला की पी१६ नावाचे प्रथिन पेशीत साचते. म्हणूनच बायोप्सीचा तुकडा पी१६ साठी रंगवल्यावर काचपट्टीवर गाठीच्या पेशी दाट तपकिरी दिसल्या, तर विषाणूचा हात असल्याची शक्यता मोठी असते.

अमेरिकेत जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांत १९८४ ते १९८९ या काळात घशाच्या या भागातल्या कर्करोगांत विषाणूजन्य गाठींचे प्रमाण सुमारे १६ टक्के होते, तर २००० ते २००४ मध्ये ते ७२ टक्क्यांच्या आसपास पोहोचले होते. २०१० च्या एका मोठ्या अभ्यासात विषाणूजन्य गाठ असलेले ८२ टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, इतरांपैकी ५७ टक्के. या फरकामुळे २०१८ पासून दोन्हींची अवस्था वेगवेगळ्या निकषांनी ठरवली जाऊ लागली. मात्र रोग सौम्य म्हणून उपचारही सौम्य करावेत, या हेतूने सिस्प्लॅटिन या नेहमीच्या केमोथेरपीच्या औषधाऐवजी सेटुक्सिमॅब हे दुसरे औषध देऊन पाहिले, तेव्हा रुग्णांचे जगण्याचे प्रमाण घटल्याचे त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत दिसले.

भारतात तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांचा भार इतका आहे की घशाच्या कर्करोगांत विषाणूचा वाटा पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमीच आढळतो. अमेरिकेने २०२० मध्ये एचपीव्ही लशीच्या उपयोगांत घशाच्या कर्करोगाचा प्रतिबंध समाविष्ट केला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली, आणि तिच्यातही १६ क्रमांकाचा प्रकार आहे. गर्भाशयमुखासाठी असते तशी पूर्वतपासणी घशासाठी अजून नाही, कारण सुरुवातीचा बदल टॉन्सिलच्या खाचेत दडून राहतो. पुष्कळदा पहिली खूण म्हणजे दाढी करताना हाताला लागलेली, न दुखणारी मानेतली गाठ.