शर्यतीचा बैल आणि नांगराचा बैल: गाडीला स्टार्टर बॅटरी की इन्व्हर्टरची?

भंडारदऱ्याला जानेवारीतली रात्र. धरणाच्या कडेला तंबू, जीपच्या मागच्या दाराला एलईडीची पट्टी, आत छोटा फ्रीज घरघरत होता. सकाळी चहा झाला, सामान भरलं, किल्ली फिरवली आणि बॉनेटखालून आवाज आला: टक् टक् टक् टक्. सेल्फ फिरत नव्हता, नुसता सोलेनॉइड (सेल्फला वीज जोडणारा स्विच) ओढून सोडत होता. मल्टीमीटर लावला. १२.१ व्होल्ट. मित्र म्हणाला, "बारा आहेत की! मग बॅटरी बरी आहे." त्याने पुन्हा किल्ली फिरवली आणि माझ्या डोळ्यांदेखत आकडा साडेसातवर कोसळला.

बॅटरी जेमतेम आठ महिन्यांची होती. तिच्यात खोट नव्हती, तिला दिलेलं काम चुकीचं होतं. परत आल्यावर एका दुकानात सल्ला मिळाला, "फ्रीज चालवता ना? मग इन्व्हर्टरची ट्युब्युलर टाका, दीडशे एएचची (अँपिअर-अवर). कधी उतरायची नाही." हा सल्ला म्हणजे तीच चूक, फक्त दुसऱ्या टोकाने. ऑफ-रोडिंगला निघणाऱ्या पुष्कळ जणांचे पैसे याच गोंधळात जातात, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

दोन्ही बॅटऱ्या शिशाच्या. दोन्हींत पातळ केलेलं सल्फ्युरिक आम्ल, सहा सेल, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट. शिसं-आम्लाची ही जोडी १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने जमवली, मूळ रसायन आजही तेच. म्हणूनच बाहेरून दोन्ही 'बारा व्होल्टची बॅटरी'. फरक पोटात आहे, प्लेटांच्या जाडीत.

बैलगाड्याच्या शर्यतीतला बैल आठवा. काही सेकंदांत जीव तोडून धावतो आणि मग विसावतो. त्याला दिवसभर नांगराला जुंपलं तर तो मोडेल. नांगराचा बैल सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओढेल, पण त्याच्याकडून घाटात धाव मागू नका. स्टार्टर बॅटरीत पातळ आणि पुष्कळ प्लेटा असतात. एकूण पृष्ठभाग मोठा, त्यामुळे एका झटक्यात शेकडो अँपिअर बाहेर पडतात. ट्युब्युलर बॅटरीत पॉझिटिव्ह बाजूला शिशाच्या काड्या आणि त्यांभोवती नळीसारखी कापडी खोळ, आत ठासून भरलेला मसाला, म्हणजे वीज साठवणारं शिशाचं संयुग. ती सावकाश देते, खोलवर उतरते आणि पुन्हा भरली की पुन्हा उभी राहते.

आता हिशेब बघा. डिझेल गाडीचा सेल्फ समजा ३०० अँपिअर ओढतो आणि इंजिन ३ सेकंदांत उचलतं. ३०० गुणिले ३ म्हणजे ९०० अँपिअर-सेकंद. त्याला ३६०० ने भागलं की पाव अँपिअर-अवर! एवढा मोठा झटका, पण बॅटरीतून गेलं पाव, आणि अल्टरनेटर (इंजिनावर फिरणारा जनरेटर) ते काही मिनिटांत परत भरतो. उलट आमचा फ्रीज सरासरी २ अँपिअर आणि दिव्यांची पट्टी १ अँपिअर. दहा तासांत ३० अँपिअर-अवर गेले. ६५ एएचची बॅटरी रात्रीत जवळजवळ अर्धी रिकामी. आवाज नाही, झटका नाही, कळतही नाही. पातळ प्लेटांवर साचलेलं शिशाचं सल्फेट वेळेवर चार्ज मिळाला नाही की घट्ट होत जातं आणि तेवढा पृष्ठभाग कायमचा जातो. अशा रात्री पाचपन्नास झाल्या की चांगली बॅटरी अकाली म्हातारी होते.

दुकानात याच ठिकाणी आकड्यांचा घोळ होतो. एएच आणि सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँपिअर) हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एएच सांगतं किती वेळ: ६५ एएच म्हणजे सव्वातीन अँपिअरच्या हिशेबाने वीस तास. सीसीए सांगतं किती जोर: उणे १८ अंशांत ३० सेकंद किती अँपिअर देताना बॅटरी ७.२ व्होल्टच्या खाली जात नाही. सेल्फसाठी सीसीए बघा. पेट्रोल जिम्नीपेक्षा बोलेरो किंवा गुरखाच्या डिझेल इंजिनाला जास्त जोर लागतो, कारण डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याच्या खाली जाऊ नका. थोडं वर चालेल, पण ट्रेमध्ये नीट बसली पाहिजे आणि प्लस-मायनसची बाजू जुळली पाहिजे.

मग दीडशे एएचची ट्युब्युलर गाडीत का नको? झटका द्यायला ती मंद, हे एक. वजन पन्नास किलोच्या आसपास आणि उंची एवढी की बॉनेट लागणार नाही, हे दुसरं. पण माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण हादरे. ती घराच्या कोपऱ्यात स्थिर उभी राहायला बनवलेली आहे. सह्याद्रीतल्या दगडगोट्यांच्या वाटेवर तिच्या उंच काड्या आतल्या आत हलतात, मसाला झडून तळाशी साचतो आणि एक दिवस एखादा सेल शॉर्ट होतो.

हादऱ्यांचा मार स्टार्टर बॅटरीलाही बसतोच, फक्त कमी. सतत खडकाळ वाटांवर जाणाऱ्याने एजीएम बॅटरीचा विचार जरूर करावा. तिच्यात प्लेटांच्या मधे काचतंतूंची गादी दाबून बसवलेली असते, आम्ल त्यातच शोषलेलं. प्लेटा हलत नाहीत, गाडी कलली तरी सांडत नाही. महाग आहे, आणि बॉनेटखालची उष्णता आणि जास्तीचं चार्जिंग तिला सोसत नाही, म्हणून आधी अल्टरनेटरचं व्होल्टेज तपासा. जुन्या जीपचा रेग्युलेटर, म्हणजे ते व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग, १५ व्होल्टच्या वर देत असेल तर आधी तो बदला. ज्या गाडीत स्टार्ट-स्टॉप आहे, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होतं, तिला मात्र साधी बॅटरी लावून पैसे वाचवू नका, ती फार टिकत नाही.

फ्रीज हवाच असेल तर उपाय एकच: दोन बॅटऱ्या. पुढे बॉनेटखाली स्टार्टर बॅटरी. मागे डीप सायकल बॅटरी, म्हणजे खोलवर उतरणं सोसणारी, गाडीत बसेल अशा आकाराची आणि सीलबंद. मधे आयसोलेटर, म्हणजे इंजिन बंद झालं की दोघी वेगळ्या होतात. नव्या गाड्यांचा अल्टरनेटर मधेच व्होल्टेज खाली आणतो, तिथे आयसोलेटरऐवजी डीसी-डीसी चार्जर लागतो, तो व्होल्टेज खाली आलं तरी मागची बॅटरी नीट भरतो. मागे जाणाऱ्या जाड वायरला बॅटरीच्या प्लसपाशीच फ्यूज टाका. हा फ्यूज गाळलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि पत्र्यावर वायर घासली की आग लागते.

विंचचं, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढणाऱ्या मोटरचं, गणित उलटं आहे. पूर्ण भारावर तो ४०० अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे ते शर्यतीच्या बैलाचंच काम. पण शर्यत लांबते, म्हणून इंजिन चालू ठेवा आणि थांबत थांबत ओढा.

पुण्या-मुंबईहून लडाखला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. थंडीत बॅटरीचा जोर घटतो आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन जास्त जोर मागतं. शिवाय उतरलेल्या बॅटरीतलं आम्ल फार पातळ झालेलं असतं, ते उणे दहाच्या आसपास गोठून कवच फोडू शकतं. भरलेलीला ती भीती नाही. विदर्भातल्या गाड्यांचा शत्रू उलटा, उन्हाळा. उष्णतेने प्लेटा लवकर झिजतात आणि पाणी उडतं. बॅटरी नागपूरच्या मे महिन्यात कमजोर होते आणि डिसेंबरच्या पहाटे ते उघडं पडतं.

देखभालीत मी सगळ्यात जास्त भर मल्टीमीटरवर देतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. आमच्या मित्राचे ते "बारा" म्हणजे अर्ध्याहूनही कमी. बॅटरीवरचा हिरवा डोळा बघून निर्धास्त होऊ नका, तो सहापैकी एकाच सेलचं सांगतो. झाकणं उघडता येत असतील तर प्लेटा बुडलेल्या आहेत ना ते बघा. कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच, नळाचं नको आणि आम्ल तर मुळीच नको. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवा, कोरडं करून पेट्रोलियम जेली लावा. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. जवळ विडी-सिगारेट नको, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो.

पावसाळ्यात जीप महिनाभर उभी राहणार असेल तर तेही लक्षात घ्या. घड्याळ, ट्रॅकर, डॅशकॅम मिळून ५० मिलिअँपिअर जरी ओढत असले तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात. वीस दिवसांत चोवीस. मायनस काढून ठेवा किंवा बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा मेंटेनर चार्जर लावा. पंधरा दिवसांनी दोन मिनिटं इंजिन चालवून काही भरत नाही, त्यापेक्षा गाडी तासभर फिरवून आणा.

आणि प्रत्येक ट्रेलच्या आदल्या दिवशी बॅटरीला ट्रेमध्ये आवळून धरणारी पट्टी हाताने हलवून बघा. भंडारदऱ्यानंतर आम्ही नवी बॅटरी बसवली तेव्हा ट्रेचा एक बोल्टच नसल्याचं कळलं. आठ महिने ती बॅटरी प्रत्येक खड्ड्यात उडत होती.