‘मायकेल क्लेटन’ आणि ‘डार्क वॉटर्स’: दोन वकील, दोन केमिकल कंपन्या

‘तो वकिलाचा आणि केमिकल कंपनीचा संथ पिक्चर’ म्हटलं की एकाला जॉर्ज क्लूनी आठवतो, दुसऱ्याला मार्क रफलो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, पण गप्पांचा पार विचका होतो. टोनी गिलरॉयचा ‘मायकेल क्लेटन’ २००७चा, टॉड हेन्सचा ‘डार्क वॉटर्स’ २०१९चा. दोन्हींत शेतकरी कुटुंबांना विषबाधा, दोन्हींत बडी लॉ फर्म, दोन्हींचा रंग राखाडी. (पुढे शेवट फोडले आहेत.)

सोपा फरक आधी. क्लेटनमधली यू-नॉर्थ ही कंपनी आणि तिचं तणनाशक, दोन्ही काल्पनिक. ‘डार्क वॉटर्स’मधलं बहुतेक सगळं खरं: कंपनी ड्यूपॉन्ट, गाव वेस्ट व्हर्जिनियातलं पार्कर्सबर्ग, वकील रॉब बिलॉट आणि टेफ्लॉन बनवताना वापरलं जाणारं पीएफओए हे रसायन.

खरी गोम आहे ती नायक कुठल्या कामाचे पैसे घेतो, यात. क्लेटन नावाला वकील. त्याचं काम म्हणजे फर्मच्या श्रीमंत अशिलांची लफडी निस्तरणं. भावाबरोबर काढलेला धंदा बुडालाय, डोक्यावर ७५,००० डॉलरचं देणं आहे. यू-नॉर्थचा बचाव करणारा फर्मचाच ज्येष्ठ वकील आर्थर साक्ष नोंदवताना भर बैठकीत कपडे उतरवतो आणि त्याला ताळ्यावर आणायला क्लेटनची रवानगी होते. पुढे आर्थर मरतो. तणनाशक घातक आहे हे कंपनीला ठाऊक होतं, असं सांगणारा मेमो क्लेटनच्या हाती लागतो. तो घेऊन तो बॉसकडे जातो, तर बॉसला आधीपासूनच वास आलेला! बॉस तोंड बंद ठेवण्याच्या करारासोबत ८०,००० डॉलरचा चेक पुढे करतो आणि आपला नायक तो घेतो. मला हा सिनेमा आवडतो तो या चेकसाठी.

बिलॉटला असा चेक कुणी देत नाही, उलट त्याचा पगार कापला जातो. तोही मूळचा कंपन्यांच्याच बाजूचा वकील. आजीच्या ओळखीने विल्बर टेनंट हा शेतकरी व्हिडिओ कॅसेट घेऊन येतो, सुमारे १९० गुरं दगावल्याचं सांगतो, आणि बिलॉट बाजू बदलतो. त्यानंतर तो सरळच चालतो. तडजोड करतात ती आजूबाजूची माणसं: कंपनीवर पोट असलेलं गाव, डोळेझाक करणारी सरकारी खाती, अस्वस्थ भागीदार. म्हणून क्लेटन बघताना ‘मी काय केलं असतं?’ हा प्रश्न छळतो, तर ‘डार्क वॉटर्स’ बघताना संताप येतो.

पुराव्याच्या बाबतीत मात्र क्लेटन फिल्मी आहे. एक मेमो, लाल पुठ्ठ्यात बांधलेल्या त्याच्या प्रती, आणि अब्जावधींचा खटला फिरतो. बिलॉटकडे ड्यूपॉन्टने एक लाखाहून जास्त पानं पाठवली. त्यात माणूस बुडून जावा. रफलो खोक्यांच्या गराड्यात जमिनीवर बसतो आणि एकेक कागद तारखेवार लावत जातो. कंपनीविरुद्ध केस बहुधा अशीच उभी राहते.

पण गुन्हा घडतो कसा, हे क्लेटनने जास्त नेमकं पकडलंय. कंपनीची मुख्य वकील कॅरन (टिल्डा स्विंटन, या भूमिकेसाठी ऑस्कर) आरशासमोर मुलाखतीतली वाक्यं घोकते, मधूनच अडखळते, पुन्हा सुरुवात करते. आर्थरला संपवायचा निर्णय ती रस्त्यावर उभ्या-उभ्या घेते, आणि त्या अख्ख्या बोलण्यात ‘मारणं’ हा शब्दच येत नाही. ती ‘ठीक आहे’ म्हणते तेव्हा समोरच्याला विचारावं लागतं: ठीक म्हणजे समजलं, की ठीक म्हणजे करा?

पीएफओएच्या कुळातल्या रसायनांचा विषय आपल्याला अगदी परका नाही. इटलीत विचेन्झाजवळ भूजल दूषित करणारा मितेनी हा कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला आणि त्याची यंत्रसामग्री रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामला आली. कोकणातल्या वाचकांनी ‘डार्क वॉटर्स’ आधी बघावा, तो याचसाठी.

क्लेटनची गोष्ट मुख्यतः चार दिवसांत घडते आणि शेवट झटकन होतो: कॅरन पैसे द्यायला तयार होते, फोन चालू असतो, पोलीस येतात. बिलॉटची सुरू होते १९९८ मध्ये. जवळपास ६९,००० लोकांच्या रक्ताचे नमुने गोळा झाल्यावर शास्त्रज्ञांच्या समितीने सहा आजारांशी संबंध दाखवला, तोवर २०१२ उजाडलं. ३,५०० हून अधिक दावे ६७ कोटी डॉलरवर मिटले ते २०१७ मध्ये, तेही कंपनीने दोष मान्य न करता.